पिवळाधमक नको, जसा आहे तसा द्या: सांगली-मिरजेत खायच्या वस्तू करणाऱ्या आणि विकणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

सगळ्या आण्णांना, मामांना, काकूंना, वहिनींना नमस्कार,

हे पत्र सांगली, मिरज, कुपवाड आणि आजूबाजूच्या तालुक्यातल्या गुऱ्हाळवाल्यांना आहे, तासगाव भागातल्या बेदाणेवाल्यांना आहे, हळद-तिखट कांडून देणाऱ्यांना, बेकरीवाल्यांना, चायनीजच्या गाडीवाल्यांना आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांना आहे. मोठ्या कंपन्यांना मी लिहीत बसले नाही कारण त्यांचा मालक कोण आणि फॅक्टरी कुठं हे मला माहीत नाही आणि माझं पत्र तिथं कुणी उघडणारही नाही. तुमचं तसं नाही. तुमची पोरं आमच्या पोरांच्या वर्गात आहेत, गणपतीला आपण एकमेकांच्या घरी जातो, आणि उद्या सकाळपासून एखादी वस्तू घालायची बंद करायची म्हटलं तर तुम्हाला कुणाची परवानगी काढावी लागत नाही.

मागणं आधीच सांगून टाकते. नुसत्या रंगासाठी आणि चकाकीसाठी आमच्या खाण्यात काही घालू नका, आणि फुगायला, टिकायला जे घालावं लागतं ते मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहून लावा. बस्स एवढंच. बाकीचं पत्र हे असं का म्हणते ते सांगायला आहे.

आमच्या घरी हे सगळं सुरू झालं सासऱ्यांच्या बीपीवरून. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, त्याच्या वर नको. आम्ही आमटीतलं, भाजीतलं मीठ कमी केलं, लोणचं ताटातनं काढलं, पण डॉक्टरांनी विचारलं की सकाळी चहाबरोबर काय खातात, चार वाजता काय खातात, तर खारी, टोस्ट, बिस्किट, फरसाण, आणि मीठ तर सगळं त्यातच बसलेलं होतं. तेव्हापासून मी पाकीट उलटं करून वाचायला लागले. त्यात पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, पाकिटावर मीठ असं लिहिलेलंच नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. सासरे आठवी शिकलेत, मोडी सोडून सगळं मराठी वाचतात, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, पण स्वतःच्या तब्येतीला काय चालतं हे त्यांना बिस्किटाच्या पुड्यावर वाचता येत नाही कारण ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतं. कायद्याप्रमाणं लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असलं की झालं, मराठी सक्तीची नाही. पण जास्तीची म्हणून मराठी घालायला कुणी अडवलेलंही नाही आणि माझा सगळा जोर ह्याच्यावर आहे, कारण जे सक्तीचं नाही ते आपलं माणूसच आपल्यासाठी करणार.

वाचायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं. घटक लिहिताना जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं असा नियम आहे, त्यामुळं पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंबीचं चित्र असलं तरी मागं पहिला शब्द मैदा असेल तर ते मैद्याचंच बिस्किट आहे. मग ते आयएनएस नंबर, म्हणजे खाण्यात घातलेल्या रंगाला, टिकवायच्या वस्तूंना जगभर दिलेले ठराविक नंबर. सुरुवातीला प्रत्येक नंबर बघून धास्ती वाटायची, आता वाटत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते कारण मोबाईलवर जे मेसेज फिरतात त्यात सगळे नंबर म्हणजे विष असं चाललेलं असतं आणि ते साफ खोटं आहे. आयएनएस १०० म्हणजे कुर्कुमिन, आपल्या हळदीतला पिवळेपणा. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपण लिंबूसत्व म्हणतो ते. ५०० म्हणजे खायच्या सोड्याचंच कूळ. आपल्या आज्यांनी पापडात पापडखार घातलाच की, लोणच्यात मीठ-तेल-मोहरी घातली ती टिकायलाच घातली. सांडगे, कुरडया, दही, लोणचं ह्या सगळ्यावर प्रक्रियाच झालेली असते आणि त्यात वाईट काहीही नाही.

ब्राझीलच्या साओ पाऊलो विद्यापीठातल्या कार्लोस मॉन्टेरो यांच्या टीमनं खाण्याचे चार गट पाडलेत, नोव्हा म्हणतात त्याला. पहिल्यात धान्य, भाजी, दूध असं मूळचं, दुसऱ्यात तेल-तूप-मीठ-साखर-गूळ असं स्वयंपाकाला लागणारं, तिसऱ्यात ही दोन मिळून केलेलं म्हणजे लोणचं, चीज, साधा ब्रेड, आणि चौथ्यात फॅक्टरीत तुकडे-तुकडे जोडून केलेलं, ज्यात स्वयंपाकघरात कधी न सापडणाऱ्या गोष्टी असतात, फ्लेवर, रंग, इमल्सिफायर म्हणजे तेल-पाणी एकजीव धरून ठेवणारं वगैरे. त्रास आहे तो ह्या चौथ्याचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० माणसांना आतच ठेवून हे तपासलं आणि २०१९ ला छापलं, दोन आठवडे फॅक्टरीचं खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं, समोर ठेवलेल्या ताटात साखर, मीठ, चरबी, चोथा सगळं सारखं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तरी फॅक्टरीच्या खाण्यावर माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणजे पुडा फोडला की संपेपर्यंत हात थांबत नाही ते तुमच्या माझ्या पोरांच्या हावरेपणामुळं नाही, पदार्थच तसा बनवलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हेच आहे, असलं खाणं कमी करा आणि लेबल वाचून घ्या.

तर आम्ही काय केलं, पुडे बंद करत आणले आणि गावचं, आपलं, ओळखीचं खायचं ठरवलं. साखरेऐवजी गूळ, चॉकलेटऐवजी बेदाणे, बाजारच्या सूप पावडरीऐवजी घरची आमटी, चार वाजता भडंग. आणि इथंच मला तुमच्याशी बोलायचंय, कारण गावचं म्हणून घेतलेल्या वस्तूवर तर लेबलच नसतं. पुड्यावर निदान नंबर तरी असतो.

गुळापासून सुरू करते कारण त्यातलं मला थोडं कळतं, माझं माहेर वाळवा तालुक्यातलं आणि चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं घालायची, काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीच्या देठांचा चिकट रस त्यात सोडायचा, त्याला धरून सगळी मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची, थोडा चुना, आणि मग गुळव्या रस बघून सांगणार की आता उतरवा. तो गूळ तांबूस व्हायचा, कधी मातकट, कधी जरा काळपट, ऊस कुठल्या रानातला आणि पाणी कुठलं त्याप्रमाणं. खाऱ्या रानातला ऊस असला तर गूळ नीट जमायचाही नाही. आता बाजारात जो लिंबासारखा पिवळा गूळ रचलेला दिसतो तो रंग उसातनं येत नाही, तो हायड्रॉसनं येतो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड कारखान्यात रंग काढायला वापरतात ते. त्याच्यामुळं सल्फर डायऑक्साइड गुळात राहतं, कायद्यानं त्याला मर्यादा घातलीये, पण चुलवाणापाशी उभं राहून कोण मोजतंय, मूठभर टाकलं जातं अंदाजानं. आणि इतकं करून तो पिवळेपणा टिकतही नाही, चार-सहा महिन्यांत ढेप परत तांबडी पडायला लागते. म्हणजे आडतीत सौदा होईपर्यंत दिसायला बरं दिसावं एवढ्यासाठी हे सगळं आपल्या पोटात जातंय. कुठं कुठं रसात साखर घालून गूळ पाडतात, तेही सगळ्यांना माहिती आहे आणि कुणी बोलत नाही.

गुऱ्हाळवाल्यांचं म्हणणं मला माहिती आहे, चुलते पण तेच म्हणायचे, की पिवळ्या रव्याला म्हणजे गुळाच्या ढेपेला दर चढा मिळतो आणि काळपट रव्याला आडत्या हात लावत नाही, मग उसाचा, मजुरीचा खर्च कुठनं काढायचा. खरं आहे ते, शंभर टक्के खरं आहे. म्हणून हे पत्र फक्त तुम्हाला दोष द्यायला लिहिलेलं नाही. दुकानात गेल्यावर काळा गूळ दाखवला की आमच्यातल्याच बायका म्हणतात हा जुना दिसतोय, तो पिवळा द्या. रंगाची मागणी आमच्याकडनं येते हे मला मान्य आहे, आणि ती बदलायचं काम आमचं आहे, ते आम्ही करतोय, पुढं सांगते कसं.

आता बेदाणा. तासगाव म्हटलं की सगळ्या देशाला बेदाणा आठवतो, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, इथल्या द्राक्षबागायतदारांनी दुष्काळात टँकरनं पाणी घालून बागा जगवल्यात, हे मी अभिमानानं पाहुण्यांना सांगते. द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यानं सालीवरचा मेणाचा थर फुटून पाणी लवकर उडतं, मग शेडमध्ये रॅकवर सुकवतात, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, एवढा माल ढगाळ हवेत सुकवायचा तर काहीतरी करावंच लागणार. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. गंधकाची धुरी. ती दिली की बेदाणा सोन्यासारखा पिवळा राहतो, नाही दिली तर तपकिरीकडं झुकतो. चवीला तपकिरी कमी नसतो, उलट मला तो जास्त गोड लागतो.

माझ्या धाकट्याला दमा आहे. सगळ्यांना नाही, पण दम्याच्या काही माणसांना सल्फाइटनं, म्हणजे गंधकाच्या धुरीतनं बेदाण्यात जे राहतं त्यानं, धाप लागते हे डॉक्टरी पुस्तकातलं आहे, आणि म्हणूनच आपल्या लेबलच्या नियमातसुद्धा किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीच्या यादीत लिहायलाच लागतं, दूध-शेंगदाणा-गहू लिहितात तसं. पुड्यात बंद केलेल्या बेदाण्यावर ते आयएनएस २२० म्हणून लिहिलेलं सापडतं कधी कधी. पण पोत्यातनं किलोवर मोजून दिलेल्या बेदाण्याला कुठलं लेबल. मी एका दुकानात विचारलं की ह्याला धुरी दिलीये का, तर काऊंटरवरच्या पोराला प्रश्नच कळला नाही, आणि त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. शेडवाल्याला माहिती असतं, सौद्यात घेणाऱ्याला माहिती असतं, आणि पोतं दुकानात येईपर्यंत ती माहिती गळून पडते. धुरी द्यायची बंद करा असं मी एकदम म्हणत नाही, बाहेरच्या बाजाराला तुम्हाला तो रंग लागत असेल. पण धुरीचा आणि बिनधुरीचा वेगळा ठेवा, पोत्यावर चिठ्ठी टाका, आणि दुकानदाराला ते सांगा. एवढ्यानं माझ्यासारख्या घरांचं भागतं.

हळदीबद्दल मी जास्त लिहिणार आहे कारण ते आपल्या सांगलीचं नाक आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं. हरिपूरची पेवं आपण सगळ्यांनी बघितलीत किंवा ऐकलीत तरी, जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायचे, कीड लागायची नाही, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच खराब झाली. पुरावरनंच मला पुढची गोष्ट सांगायचीये, ती आपल्याकडची नाही, बांगलादेशातली आहे. तिथं १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, वाळताना तिचा रंग उतरला, फिकट हळकुंडाला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा पॉलिश करताना त्यात लेड क्रोमेट घालायला सुरुवात झाली, पिवळाजर्द रंग यायला, तो खरं म्हणजे रंगकामाचा पिवळा आहे आणि त्यात शिसं असतं. पूर गेला पण सवय राहिली, तीस-चाळीस वर्षं राहिली. शिसं लहान पोरांच्या मेंदूवर कायमचं बसतं, त्याला धोका नाही असं प्रमाणच नसतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि बांगलादेशातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं शोधत शोधत ते हळदीपर्यंत आणलं. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी तेव्हा ४७ टक्क्यांत शिसं निघत होतं.

आणि ह्या गोष्टीतला जो भाग मला तुमच्यापर्यंत पोचवायचाय तो हा, की दोन वर्षांत म्हणजे २०२१ पर्यंत ते ४७ चं शून्य झालं. सरकारनं बाजारात जाऊन तपासणी केली, दंड केले, बाजारपेठेत नोटिसा लावल्या, व्यापाऱ्यांना समोर बसवून सांगितलं की हे तुम्ही काय विकताय आणि ते कुणाच्या पोरांच्या पोटात जातंय. त्यातल्या पुष्कळांना ते विषारी आहे हे माहितीच नव्हतं. माहिती झाल्यावर बंद झालं. माझा विश्वास आहे की आपल्याकडचा माणूस त्यापेक्षा वेगळा नाही.

सांगलीच्या हळदीत शिसं आहे असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणायला माझ्याकडं काही नाही आणि उगाच आपल्याच शेतकऱ्याचं नाव खराब करायचं नाही. पण पॉलिश करताना रंगासाठी काहीच घालत नाही हे लिहून लावायला काय हरकत आहे. राजापुरी हळदीला मुळात रंग चांगलाच असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं घरी करायची साधी तपासणी सांगितलीये, अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात टाकायचं, शुद्ध असेल तर लगेच रंग सुटत नाही, पॉलिशचा असेल तर पाणी पिवळंधमक होतं. दुकानात काऊंटरवर काचेचा ग्लास ठेवा आणि त्यात तुमचं हळकुंड टाकून ठेवा, गिऱ्हाईक स्वतः बघेल. कांडपवाल्यांना पण हेच सांगणं, चैत्रात आम्ही कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या घेऊन येतो, ब्याडगी, संकेश्वरी, आमच्या डोळ्यासमोर कांडता, म्हणून तर तुमच्यावर विश्वास आहे. तयार तिखट विकताना मात्र ते कुठल्या मिरचीचं हे कुणी सांगत नाही, आणि लालभडक असलं की लोक खूश. ब्याडगीला रंग असतो पण तिखटपणा कमी, तिखट मिरचीला रंग कमी, ज्या पावडरीत दोन्ही जोरात आहे तिथं मिश्रण कशाचं आहे ते लिहा एवढंच.

बेकरीवाल्यांनो, तुमच्याशी थोडक्यात बोलते. ब्राऊन ब्रेड म्हणून जो मिळतो त्यातला बराच मैद्याचा असतो आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा असतो, आयएनएस १५० ने सुरू होणारा. माझ्या सासऱ्यांसारखी शुगर-बीपीची माणसं तो औषध समजून पाच-दहा रुपये जास्त देऊन घेतात. हे बरोबर नाही. मैद्याचा असेल तर मैद्याचा म्हणून विका, पांढराच विका, आम्ही तो पण घेऊ कधीतरी मिसळीबरोबर. खारीत कुठलं फॅट घालता ते सांगा, वनस्पती तूप, मार्जरीन, का लोणी. ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे, आधी ती जास्त होती, ब्रेडमधलं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्येच बंद झालंय, म्हणजे नियम बदलतात आणि चांगल्या दिशेनं बदलतात, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या खारीवर ना तारीख ना काही. सुट्ट्या मिठाईला ट्रेपुढं बेस्ट बिफोरची तारीख लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, तशी तारीख खारीच्या बरणीवर लावली तर कोण नको म्हणणार आहे?

चायनीजच्या गाड्यांवर जाणारी पोरं आमचीच आहेत, मी जाऊ नका म्हणते आणि ती जातात. मंच्युरियनचा तो लाल रंग मिरचीचा नसतो. मिरजेच्या पुढं म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक, तिथं मार्च २०२४ मध्ये सरकारनं गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल ह्यातले कृत्रिम रंग बंद केले, कारण तपासणीतल्या काही नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं, ते कापड रंगवायचं आहे, खायचं नाहीच. तामिळनाडूनं त्याच्या महिनाभर आधी रोडामाइनच्या बुढ्ढी के बालवर बंदी घातली. म्हणजे तासाभराच्या रस्त्यावर तोच मंच्युरियन बिनरंगाचा विकला जावा असा हुकूम आहे, आणि तिथल्या गाड्या काही बंद पडल्या नाहीत. तुम्ही हुकमाची वाट बघू नका. परवानगी असलेले रंगसुद्धा ठराविक पदार्थात आणि ठराविक प्रमाणातच चालतात, गाडीवर चिमटीनं टाकताना ते प्रमाण राहत नाही. युरोपात तर २०१० पासून टार्ट्राझिन, सनसेट यलो, पाँसो अशा रंगांच्या पाकिटावर लिहावं लागतं की मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो. आपल्याकडं हेच रंग बर्फाच्या गोळ्यात, पेप्सीकोल्यात, जिलेबीत, गोळ्या-बिस्किटात आहेत, ते दरवर्षी जत्रेत माझ्या पोरांच्या जिभेवर दिसतात.

शाळेजवळच्या दुकानदारांना एक माहिती देते, कदाचित तुमच्यापर्यंत पोचली नसेल. २०२० च्या नियमाप्रमाणं शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचं खाणं मुलांना विकायचं नाही. तुमचं दुकान तिथं आहे, पोट त्याच्यावर आहे, मला ते दुकान बंद व्हायला नकोय. पण पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाच्या जागी पाच-दहा रुपयाची शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, उकडलेल्या शेंगा, भाजलेले हरभरे, कैरी-पेरूची फोड ठेवून बघा ना. आमच्या जिल्ह्यात शेंगा पिकतात, गूळ पिकतो, मग चिक्की बाहेरनं का यावी? बचत गटाच्या वहिनी घरून करून देतील, नोंदणीचं म्हणाल तर एवढ्या छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, मोठं लायसन्स लागत नाही.

हे सगळं सेंद्रिय मागणं नाही, ह्याचा गैरसमज करून घेऊ नका. सेंद्रिय म्हणून जे दुकानात दुप्पट-तिप्पट दरानं विकलं जातं ते आमच्यासारख्या पगारदार घराला महिनाभर परवडत नाही. साधं, ज्यात जास्तीचं काही टाकलेलं नाही ते महाग कसं असेल हे मला खरंच समजत नाही, हायड्रॉस न घालायला पैसे लागत नाहीत, रंग न टाकायला पैसे लागत नाहीत. दिसायला कमी म्हणून दर पडतो तो प्रश्न आहे, आणि तो आपण दोघांनी मिळून सोडवायचा आहे.

आम्ही काय करतोय ते सांगते म्हटलं होतं. विश्रामबाग भागातल्या आमच्या भिशीतल्या आठ-दहा घरांनी ठरवलंय की गूळ, हळद, बेदाणा, शेंगदाणा तेल हे एकत्र घ्यायचं, वर्षाचं नाही जमलं तर सणासणाला, आणि दिसण्याला दर द्यायचा नाही. तांबडा-काळपट गूळ पिवळ्याच्याच भावानं घेऊ, त्याला कमी दर मागणार नाही, हे मी इथं सगळ्यांच्या वतीनं लिहून देते. आमचं बघून अजून दोन भिश्या तयार आहेत. गणपतीच्या मोदकाला, दिवाळीला, संक्रांतीला मिळून गुळाचा चांगला उठाव आहे, तुम्हाला एका आडत्याच्या तोंडाकडं बघायला लागू नये एवढा नसेल, पण सुरुवातीला एका काहिलीपुरता नक्की आहे.

तुम्हाला काही मोठं करायचं नाही. दुकानात एक पाटी, खडूनं लिहिली तरी चालेल. गूळ, कुठल्या गावचा, हायड्रॉस नाही किंवा आहे. बेदाणा, धुरीचा किंवा बिनधुरीचा. हळद, रंग घातलेला नाही. खारी, अमुक फॅटमधली, अमुक तारखेची. ज्याच्यात घातलंय त्यानं घातलंय लिहावं, त्याच्याशी आम्ही भांडायला येणार नाही, ज्याला चालतं तो घेईल. जो खोटं लिहील त्याचं मात्र आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडं घेऊन जाऊ, नमुना तपासायला देता येतो, कायद्यानं कुठल्याही गिऱ्हाइकाला फी भरून तो हक्क आहे.

नवा गूळ दिवाळीनंतर सुरू होतो. आम्हाला संक्रांतीच्या आधी, डिसेंबर संपायच्या आत बिनहायड्रॉसचा गूळ हवाय, रवे मोठे असले तरी चालतील, आम्ही फोडून वाटून घेऊ. ज्यांच्याकडं आहे त्यांनी दर आणि गुऱ्हाळाचं गाव तेवढं पाटीवर लिहावं. चालू गुऱ्हाळ बघायला पोरांना घेऊन येऊ, त्यांना भेंडीचा रस काहिलीत सोडताना बघायचाय.

तुमचीच एक गिऱ्हाईक,
विश्रामबाग, सांगली